मिटल्या तोंडाचा खेळ

मी 'रिअली' म्हटलं आणि वर्ग गप्प राहिला. पुन्हा म्हटलं, या वेळी संशयाने. मग कौतुकाने, मग कंटाळून, मग समोरचा थापा मारतोय हे पुरतं ओळखून. हा माझा हातखंडा प्रयोग आहे. कितीतरी वर्षं प्रत्येक नव्या तुकडीचा पहिला तास मी या एका शब्दावर काढत आलोय. तिसऱ्या 'रिअली'ला पोरं हसायला लागतात, शेवटच्याला बाकं बडवतात, कारण एका शब्दाच्या पोटातून एवढी माणसं बाहेर येताना त्यांनी कधी पाहिलेली नसतात. आज बाकं गप्प होती. पहिल्या रांगेतली जाड चष्म्याची मुलगी वहीवर पेन टेकवून माझ्याकडे बघत होती. 'ओळखा बघू, कुठला कसा होता?' मी विचारलं. तिने शेजारणीकडे पाहिलं आणि म्हणाली, 'सर, तुम्ही सुरुवात केलीत का?' मला वाटलं, आगाऊ आहे. मी सगळे पुन्हा म्हणून दाखवले, जरा जोर लावून, भुवया उडवून. मागून कोणीतरी म्हणालं, 'एकच तर म्हणतायत मघापासून.' त्यावर दोघं-तिघं हसली. ते हसणं टिंगलीचं होतं, की अवघडलेलं, की म्हाताऱ्याची कीव आल्याचं, हे मला कळेना. सगळा जन्म हसण्याच्या जाती ओळखण्यात गेला आणि मला कळेना. फळ्याची कड धरून मी म्हटलं, जा, चहा पिऊन या.

आमची कचेरी दूरदेशीच्या लोकांचे फोन घेते. कुणाचं सामान पोचलेलं नसतं, कुणाचं यंत्र बंद पडलेलं असतं, कुणाला नुसतंच भांडायचं असतं. फोन घेणारी पोरं इंग्रजीला पक्की असतात, व्याकरणात तर माझे कान कापतील. पण 'आय ॲम सॉरी' असं म्हणतात की ऐकणाऱ्याला वाटावं, दारातून हाकलून देतायत. तो सूर नीट करायचं काम माझं. मी फळ्यावर वाक्य लिहितो आणि त्याच्या डोक्यावर बाण काढतो. आवाज खाली उतरला की बोलणं पक्कं, मनापासून, आता वाद नाही. वर चढला की दार उघडं, तुम्ही बोला. उतरून पुन्हा जरासा चढला, तर त्यात एक 'पण' दडलेला, जो बोलणाऱ्याला तोंडावाटे काढायचा नाही. आणि ना वर ना खाली, नुसती आडवी रेघ गेली, तर समजावं की या माणसाला तुमच्याशी काही देणंघेणं नाही. या बाणांपायी मला सगळे बाणमास्तर म्हणतात; तोंडावर सर. उजव्या हातात पेन, म्हणून हवेत सूर काढायचा तो डाव्या हाताने. आवाजाबरोबर तो हात इतका आपोआप वर-खाली जायचा की जेवताना, फोनवर, झोपेतसुद्धा जायचा आणि बायको म्हणायची, 'अहो, माशा कसल्या वारताय?' तो हात आज माझ्या खिशात होता. सकाळी कपडे घालताना बायकोने तो तिथे ठेवला आणि तो तिथेच राहिला.

डोक्यातली गुठळी लहान होती, असं सगळेच म्हणाले. सकाळी दात घासताना डाव्या हातातून पाण्याचा पेला निसटला, मी तो उचलायला वाकलो आणि वाकलेलाच राहिलो. दवाखान्यात त्यांनी मला चित्रं दाखवली. किल्ली, छत्री, कासव. मी पटापट नावं सांगितली. आज वार कोणता, जीभ बाहेर काढा, शंभरातून सात वजा करा. डॉक्टर म्हणाले, हात हळूहळू येईल, वाचा शाबूत आहे, नशीबवान आहात. बायकोने तिथेच डोळे पुसले आणि म्हणाली, 'बोलता येतंय ना, मग झालं. यांचं पोटच बोलण्यावर आहे.' सुराचं कोणी विचारलं नाही. मलाही कळलं नाही, हे मात्र अजून पटत नाही. माझं बोलणं माझ्या कानाला बोलण्यासारखंच लागत होतं. एवढंच वाटायचं, की आजूबाजूची माणसं जरा निवलीत, सगळी एका पट्टीत, हळू, समजूतदारपणे बोलतायत, आजाऱ्यापाशी बोलतात तशी. बायको तर आयुष्यात पहिल्यांदाच माझ्यावर चिडेनाशी झाली होती. मला ते आवडलं होतं. रात्री उशीवर डोकं टेकून मी मनात म्हणायचो, आजारपणाने घरात शांतता आणली.

वर्ग सोडून मी जिन्याखालच्या ऐकायच्या खोलीत गेलो. तिथे भिंतीला जाड कापड लावलंय, एक टेबल, एक पडदा, कानाला लावायचे दोन डबे. माझा आवाज तिथे साठवून ठेवलाय, तरुणपणापासूनचा. मी 'रिअली' शोधून काढलं आणि डबे कानांवर चढवले. माझाच आवाज आला, घसा चांगला असतानाचा, त्याने म्हटलं 'रिअली', मग थांबून 'रिअली', मग 'रिअली'. मी परत ऐकलं. पडद्यावर हिरवी रेघ होती. ती पहिल्या वेळी उंच उडाली, दुसऱ्या वेळी घसरली, तिसऱ्या वेळी चढून कोसळली. डोळ्यांना सगळं दिसत होतं. कानात मात्र तोच शब्द पाच वेळा पडला, नळातून थेंब पडावा तसा. मी आवाज वाढवला. कानठळ्या बसल्या, पण सूर आला नाही. मग मी स्वतः म्हणून पाहिलं, यंत्रात बोलून, आणि पडद्याकडे पाहिलं. हिरवी रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आडवी गेली. पुन्हा म्हटलं, पुन्हा आडवी. ओरडून म्हटलं, तर आडवीच, फक्त जाड. एवढ्या वर्षांत मी कितीतरी पोरांना त्या आडव्या रेघेवरून बोललोय. 'मेल्या माणसाचं बोलणं आहे हे,' मी म्हणायचो आणि वर्ग खो खो हसायचा.

विभागाची प्रमुख दारात येऊन उभी होती. बाई माझीच विद्यार्थिनी. माझ्या पहिल्या तुकड्यांतली. पोरांनी जाऊन सांगितलं असणार. ती म्हणाली, 'सर, एवढी घाई काय होती यायची? थोडे दिवस घरी बसा. तुमची रेकॉर्डिंग आहेतच की.' मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. हे वाक्य मायेनेही म्हणता येतं आणि काटा काढायलाही म्हणता येतं, आणि दोन्ही प्रकारे कसं म्हणायचं ते तिला मीच शिकवलंय. तिने खांद्यावर हात ठेवला. तो हात मला कळला, ऊन होता, थोडा ओला होता. पण सहीशिक्के करणाऱ्या माणसाचा हातही ऊन असू शकतो. मी म्हटलं, 'हो, बसतो.' ती जरा मागे सरकली. माझं 'बसतो' तिला कसं लागलं कोण जाणे. आणि तिचं ते मागे सरकणं मला ओळखीचं वाटलं, कारण कोणीतरी असंच मागे सरकलेलं मी नुकतंच कुठेतरी ऐकलं होतं, आणि तेव्हा ते मला कळलं नव्हतं. परवाच्या फोनवर. टिटवी.

टिटवी म्हणजे आमची मुलगी. लहानपणी तिचा आवाज सगळ्या इमारतीला पुरायचा, म्हणून हे नाव. आता ती परक्या देशात नवऱ्याबरोबर राहते आणि तिथे तिला याच आवाजाबद्दल हळू बोल म्हणतात, असं एकदा हसत म्हणाली होती. माझ्या धंद्याचा सराव मी तिच्यावर करत असे. मिटल्या तोंडाचा खेळ. तोंड बंद ठेवून वाक्य गुणगुणायचं, शब्द एकही नाही, नुसता सूर, आणि दुसऱ्याने ओळखायचं की बोलणारा रागावलाय, विचारतोय, लपवतोय की खूश आहे. वर्गात मोठमोठे बाप्ये यात गडबडतात. ती सहाव्या-सातव्या वर्षी बिनचूक ओळखायची. बायको म्हणायची, 'दोन भुंगे पाळलेत मी घरात.' एकदा शाळेतून आली, दप्तर टाकलं, 'आय ॲम फाइन' म्हणाली आणि आत गेली. माझा हात आपोआप खाली गेला आणि शेवटी जरासा वर उचलला. मी मागोमाग गेलो, तर मनगट सुजून टम्म झालेलं. पडली होती, आणि स्पर्धेतून काढतील म्हणून सांगत नव्हती. त्यानंतर हे आमचं ठरूनच गेलं. ती 'आय ॲम फाइन' म्हणाली की मी विचारायचं, 'नुसता उतार, की उतार आणि मग चढ?' आणि ती डोळे फिरवून म्हणायची, 'उतार, बाबा, नुसता उतार!' लग्न करून निघाली तेव्हा गाडीच्या खिडकीतून तिने तेच ओरडून सांगितलं, आणि जावई आमच्या तोंडाकडे बघत राहिला. ती खोटं बोलायला फार हुशार आहे, पण सूर खोटा काढता येत नसे तिला. निदान माझ्यासमोर नाही. परवा मी विचारलंच नाही. विचारावं असं काही ऐकूच आलं नव्हतं.

गुठळीचं तिला आम्ही सांगितलेलं नाही. पोरगी एवढी लांब, तिच्या जिवाला उगाच घोर कशाला, असं बायको म्हणाली, आणि मीही मान डोलावली. आपल्यात हे असंच करतात. जखम भरली की सांगायचं, तेही हसत. म्हणून फोन आला तेव्हा बायकोने मला डोळ्यांनी दटावलं आणि फोन स्पीकरवर ठेवून टेबलावर टेकवला, दोघांनाही ऐकू यावं म्हणून. टिटवी म्हणाली, 'बाबा, थोडे दिवस तिकडे यायचं मनात होतं. एकटीच.' मी म्हटलं, 'ये. कधी येतेस ते कळव.' मग काही वेळ काहीच नव्हतं. 'नाही, तसं काही नाही. सहज म्हटलं. तू कामात होतास का?' 'नाही.' 'बरं. आय ॲम फाइन, बाबा.' 'छान,' मी म्हटलं. त्यावर फोन बंद झाला आणि मी वर्तमानपत्र उचललं. आता त्या कापड लावलेल्या खोलीत माझा स्वतःचा 'ये' मला पडद्यावर दिसत होता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आडवा. पोरीने दार वाजवलं होतं, आणि आतून माझ्याच आवाजात कोणीतरी तिला, नसलीस आलीस तरी चालेल, असं सांगितलं होतं. ती 'एकटीच' म्हणाली होती. तो शब्द तरी मला कळायला हवा होता, त्याला सूर लागत नाही.

मी चालत निघालो. बाई गाडी देते म्हणाली, मी नको म्हटलं. रस्त्यावर दोन माणसं एकमेकांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन बोलत होती आणि मारामारी होणार की मिठी मारणार, याची मला वाट बघावी लागली. मुलं ओरडत पळत गेली, त्यांच्यामागे एक बाई हाका मारत गेली, आणि त्या हाका भीतीच्या होत्या की खेळाच्या, हे मी तिच्या चपलांकडे बघून ठरवायचा प्रयत्न केला. मेलो असतो तर बरं, असं वाटलं, खोटं कशाला बोलू. आंधळ्याला लोक हात धरून रस्ता ओलांडून देतात. मला कोणी काय धरणार? चालता चालता मी मोठ्याने बोलून पाहत होतो, वेड्यासारखा. 'ये.' 'ये ना.' 'ये की गं.' 'येच.' आणि तेव्हा ध्यानात आलं, की गेले काही दिवस मी हे 'ना' आणि 'की' आणि 'बरं का' बायकोशी बोलताना चिकटवत होतो. परवा बायको म्हणालीही, 'अहो, हल्ली तुम्ही लाडात येऊन बोलता की काय?' आपल्या बोलीत ही चिल्लर आहे. 'च' आहे, 'हं' आहे, 'म्हणे' आहे; सूर अडला तर ही नाणी पुढे सरकवून काम भागतं. इंग्रजीला चिल्लर नाही. ती तोच कोरडा शब्द पुढे करते आणि सगळा व्यवहार गळ्यात ठेवते. आणि आम्ही बापलेकींनी नेमकं तिच्यातच मन ठेवलं, कारण ते आमचं दोघांचंच होतं, आईला न कळणारं. फुशारकी होती ती. 'आय ॲम फाइन' या तीन शब्दांत आता माझ्यासाठी तीन शब्द सोडून काही नव्हतं, आणि ती तिथे एकटी, बाबाला कळलं आणि तरी बाबा 'छान' म्हणाला, असं धरून बसली असणार.

बायको खिडकीपाशी वाटाणे सोलत बसली होती. 'लवकर आलात?' ती म्हणाली. ते खूश होऊन होतं की धास्तावून, हे शोधत बसायला मला वेळ नव्हता. मी समोर बसलो आणि विचारलं, 'परवा टिटवीचा फोन आला तेव्हा शेवटी ती काय म्हणाली?'

'बरी आहे म्हणाली. ते तुमचं इंग्रजीतलं.'

'कशी म्हणाली?'

'कशी म्हणजे? तोंडाने.'

'तसं नाही. तू ऐकलंस ना? जसं म्हणाली तसं म्हणून दाखव. शब्द नकोत. तोंड मिटून.'

'आता या वयात मला भुंगा करा,' ती म्हणाली आणि शेंग मोडली. 'आज गोळी घेतलीत का? आणि असं डाफरून काय बोलता? मी काय तुमच्या वर्गातली आहे?'

'मी डाफरत नाही.'

'मग हे काय आहे? दवाखान्यातून आल्यापासून बघतेय. दगड बरा. मी चिडले तर उलट चिडत नाही, रडले तर विचारत नाही. काल स्वयंपाकघरात उभी राहून रडत होते, तुम्ही येऊन विचारलंत, मीठ कुठे आहे.' तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते मला दिसत होतं. डोळे शाबूत होते. काल ती मला पाठमोरी होती. मी उजव्या हाताने तिच्या मांडीवरचं ताट बाजूला केलं, आणि तिला सांगितलं. सूर गेलाय. माझा गेलाय, आणि दुसऱ्याचा मला पोचत नाही. तुझाही पोचत नाही. तू रागावलीस की हसलीस की हाक मारलीस, मला सगळं एकच लागतं. मी हे सांगत असताना ते तिला कसं ऐकू येत असेल याची मला कल्पना होती, एखादा कारकून नियम वाचून दाखवतोय तसं. आणि मी आतून हंबरडा फोडत होतो. तो हंबरडा तोंडापर्यंत येईतो सपाट होत होता. माझ्या नरड्यात कोणीतरी इस्त्री घेऊन बसलं होतं. तिने पदराने डोळे पुसले आणि बराच वेळ माझ्या ओठांकडे पाहिलं, जसं बहिरी माणसं बघतात.

'म्हणजे तुम्ही रागावलेला नाहीत?' तिने विचारलं.

'नाही गं. नाही ना.'

'देवा,' ती म्हणाली. मग तिने तोंड मिटलं आणि गुणगुणली. मला एक भोंगा ऐकू आला, सुरू झाला आणि बंद झाला. मी म्हटलं, पुन्हा. पुन्हा तेच. मी तिच्या गळ्यावर उजव्या हाताची बोटं ठेवली. कातडीखाली काहीतरी थरथरत होतं, पण थरथर वर जातेय की खाली ते बोटांना कळत नव्हतं. एवढी वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या माणसाला नवशिक्यासारखा घाम फुटला. मग मी खिशातला डावा हात बाहेर काढला, उजव्याने धरून, आणि तिच्या मांडीवर ठेवला. 'हा धर. तू गुणगुण, आणि आवाज जिकडे जाईल तिकडे हा ने. मी करायचो तसं.' या हाताशी तिची चांगली ओळख झालीय. रोज सकाळी ती तो धुते, पुसते, बाहीत घालते, लहान मुलाचा घालावा तसा. तिने मनगटाखाली तळवा घातला आणि हात उचलला. तोंड मिटलं. डोळेही मिटले, पोरीचा आवाज आठवत असावी. माझा हात तिच्या हातावर आडवा होता. मग तो खाली जायला लागला. खाली, आणखी खाली, गुडघ्यापर्यंत. मी मनात म्हटलं, इथे थांब. आता थांब. उतार, नुसता उतार, काही झालेलं नाही, मी म्हातारा भ्रमिष्ट झालोय, एवढंच. हात गुडघ्यापाशी क्षणभर टेकला आणि मग शेवटी हळूच बोटभर वर उचलला गेला, आणि तिथेच राहिला. गुणगुण संपली तरी तिने तो खाली ठेवला नाही. तिला बाणांमधलं काही कळत नाही. मी तिला कधी शिकवलं नाही. पण स्वतःच्या घशातून काढलेलं ते तिने स्वतःच ऐकलं होतं, आणि ती माझा हात तसाच धरून म्हणाली, 'अहो, रडत होती की काय ती?'

फोन मी लावला. टिटवीकडे तेव्हा सकाळ असते. बायको म्हणत होती, थांबा, मी बोलते आधी, तुम्ही एकदम काही सांगू नका, पोरगी घाबरेल. आणि फोनकडे हात करत होती. मी तो स्पीकरवर टाकून उजव्या हातात घट्ट धरला. घंटी वाजत राहिली. घंटीला सूर नसतो, ती सगळ्यांना सारखीच ऐकू येते, असं काहीतरी डोक्यात आलं. मग टिटवीने 'हॅलो' म्हटलं, आणि ते हॅलो कसं होतं हे मला माहीत नाही.

'टिटवे, मी बाबा. मध्ये बोलू नकोस. मला डोक्यात गुठळी झाली होती. आता बरा आहे. तुला सांगितलं नाही, आईला वाटलं तुला घोर लागेल. हात गेलाय, तो येईल म्हणतात. सूर गेलाय. मी आत्ता बोलतोय ते कसं वाटतंय मला ठाऊक आहे. आडवी रेघ. ती माझी नाही, ती गुठळीची आहे. ऐकतेयस ना?'

'अहो, असं सांगतात का!' बायको म्हणाली.

मला तिला समजवायचं होतं, चुचकारायचं होतं, तिच्या लहानपणी ताप आल्यावर ज्या आवाजात बोलायचो तो आवाज मला आठवत होता, कुठल्या शब्दाला किती खाली यायचो, कुठे थांबायचो, सगळं पाठ होतं. पेटी समोर आहे आणि बोटं कापलीत, असं झालं. मग मी जे फळ्यावर करतो ते केलं. दुसरं मला येतच नाही.

'परवा तू यायचं म्हणालीस. मी 'ये' म्हटलं. त्याच्यावरचा बाण तुला मिळाला नाही. आता सांगतो. 'ये', उतार. वरून थेट खालपर्यंत. शेवटी चढ नाही, त्यात दडलेला 'पण' नाही, काही नाही. एकटी ये, उतार. कितीही दिवस, उतार. समजलं? मला तुझं ऐकू येत नाही, पोरी. तू काय लपवतेस ते मला आता ऐकू येत नाही. तुला सांगावं लागेल.'

बायकोने माझा डावा हात अजून धरलेला होता. फोनमधून एक आवाज आला, लांबलचक. मी बायकोकडे पाहिलं, हसतेय की रडतेय, मी खुणेने विचारलं, आणि तिने नुसता पदर तोंडात धरला. मग शब्द आले. टिटवी प्रत्येक शब्द सुटा सुटा म्हणत होती, शुद्धलेखन घालावं तसा.

'आय ॲम फाइन, बाबा.'

मी वाट बघितली. मागे कुठेतरी तिच्या घरात दार आपटलं आणि ती एकदम हळू बोलायला लागली, इतकी हळू की मी फोन कानात खुपसला.

'उतार,' ती म्हणाली. आणि मग, 'बाबा, आणि मग चढ.'

मी म्हटलं, निघ. उतार. आज निघ, उतार. सामान राहू दे, उतार. बायकोने फोन माझ्या हातातून ओढून घेतला आणि पाठमोरी होऊन तिच्याशी बोलायला लागली, विमान, पासपोर्ट, किल्ली कुठे ठेवलीस, नवऱ्याला काही सांगू नकोस. मधूनच हात मागे करून मला गप्प बसायची खूण करत होती. मला ते दिसत होतं. फोन माझ्याकडे नाही हेही दिसत होतं. तरी मी त्या सोललेल्या वाटाण्यांसमोर बसून, ना वर ना खाली, म्हणतच होतो, उतार, उतार, उतार.